बावखलातली मरळ

उमेळे, ११ मे २०२५

प्रिय क्लेमेंट,

सप्रेम जय ख्रिस्त. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या लेकीच्या, शॅननच्या लग्नात तू आपल्या घरामागच्या तळ्यातली, पप्पांच्या बावखलातली एकूण एक मरळ काढायला लावलीस. मोठा मासा गेला की लहान मासळी सुखात नांदेल, असं वर प्रवचनही दिलंस. पाहुणे बोटं चाटत गेले. अभिनंदन! लहान मासळी आता औषधालाही नाही. मरळ त्या परदेशी तिलापिया माशांचीही पिल्लं खायची, एवढंच तू विसरलास. आता पाण्यात त्यांचंच राज्य. सगळं खाणं तेच फस्त करतात, लहानांची अंडीसुद्धा. काठच्या गवतात शिरून डासांच्या अळ्या टिपणारं कुणी उरलं नाही, म्हणून आम्ही मच्छरदाणीत बसून रोझरी म्हणतो.

शॅननला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, डासांचा तुझ्या बहिणीवर आहे त्यापेक्षा थोडा कमी.

तुझी एस्थरबाय

नाशिक, २५ मे २०२५

प्रिय बाय,

जय ख्रिस्त. कॉन्व्हेंटच्या निबंधात पहिली यायचीस, ती सवय गेली नाही. एका माशाने एवढं होतं का? पण डास आहेत ना, मग पावसाळा संपला की बावखल बुजवूनच टाकू. गाड्या लावायला जागा होईल. भरावाचं काम करणारा मर्विन माप घ्यायला येईल. जागा दोघांची, तेव्हा फक्त तू हो म्हण.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा क्लेमेंट

उमेळे, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय क्लेमेंट,

सप्रेम जय ख्रिस्त. तुझं पत्र वाचलं आणि चांदीपला थेरेसामावशीकडे गेले. तिच्या तळ्यातली मरळीची जोडी बादलीतून आणली. रिक्षावाला वाटभर नाक धरून होता.

आता पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरतो आणि खाली आईबाप राखण करतात. आठवतं? पप्पा गळ टाकायचे, पण पिल्लांवरची जोडी दिसली की गळ गुंडाळून घरी यायचे. आपण दोघं उपाशी चेहरे करून त्यांच्यामागे. लग्नाच्या गडबडीत तुला पप्पा आठवले नसतील. लहान मासळीही थोडी आणून सोडली आहे. तिलापिया कमी व्हायला वेळ लागेल. मला घाई नाही.

मर्विन काल माप घ्यायला आला होता. टेप धरून पाण्यात उतरला, तर पिल्लांच्या बापाने त्याच्या पायावर अशी झेप घेतली की तो एक चप्पल तिथेच टाकून वसई रोडपर्यंत थांबला नसेल.

तेव्हा बुजवायला माझं उत्तर ‘नाही’. त्या बापाचंही ‘नाही’. चप्पल मात्र तरंगते आहे. तुझ्या पार्किंगमध्ये सध्या तेवढीच उभी आहे.

नाताळला ये, गळ न घेता. माया आहे तशीच आहे.

तुझी एस्थरबाय