दुसरा रेषासंच

प्रिय शंकासूर,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण शेवटपर्यंत वाच. माझे गुडघे कुरकुरतात, प्रयोगशाळेतला आपला निर्वात पंप त्याहून जास्त. भट्टीची काच तू गेल्यापासून दोनदा फुटली आणि दोन्ही वेळा सगळे म्हणाले, तो असता तर फुटली नसती. तू शाळेत शिकवतोस असं कानावर आलं. ऐकून जीव तुटला.

आपला जस्त-पाण्याचा रेणू आठवतो ना? नळीतल्या जस्ताच्या वाफेत पाण्याची वाफ सोडायची, विजेचा झोत द्यायचा आणि क्षणभर जगणारा तो रेणू कुठल्या लहरी गिळतो ते रेषांच्या रूपात टिपायचं. त्या रेषांवरून मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की जस्त पाण्याला बाहेरून चिकटलंय. तू म्हणालास, ताई, पाण्यातल्या दोन हायड्रोजनांपैकी एक जड जातीचा घालून बघू. दोन्ही सारख्याच जागी असतील तर रेषांचा एकच नवा संच मिळेल. तुला दोन मिळाले. म्हणजे एक हायड्रोजन जस्ताला, दुसरा ऑक्सिजनला. जस्त पाण्याच्या मधोमध घुसलेलं. पण माझा लेख छापायला गेला होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. आधी नळी धुवायला शिक." तू नळी तीनदा धुतलीस. दुसरा संच तसाच आला, आणि मी त्याच्यापुढे 'मळ' असं लिहून तुझी वही कपाटात टाकली.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं कळवलं, तुमचे आकडे आमच्याशी जुळत नाहीत. मी कोरी नळी घेतली, सगळं स्वतःच्या हातांनी भरलं. दोन्ही संच तुझ्या वहीतल्याच जागी होते. खरं सांगू? आधी तुझाच राग आला.

लेख मी काल मागे घेतला. तुझी हरकत नसेल तर नव्या लेखावर तुझं नाव पहिलं असेल. पण एवढ्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या. तू संशोधनाच्या नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केलेस, तिन्हीकडून साधं मुलाखतीचं बोलावणंही आलं नाही, आणि मीच तुझी समजूत काढली की नशीब असतं एकेकाचं. तिन्ही ठिकाणी माझं शिफारसपत्र बंद पाकिटातून गेलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'मुलगा हुशार आहे, पण त्याच्या मोजमापांवर विसंबू नये.' आणि ते लिहिताना, तू बरोबर आहेस हे मला मनातून ठाऊक होतं.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
ताई