मुंबईला परत जाईपर्यंत

३ जून
रुजू झालो. गाव खोपोलीजवळ, जिल्ह्याच्या अगदी हद्दीवर. घाट चढला की पुणे जिल्हा. मुख्य ऑफिसात उभी नोकरी काढलेल्या माणसाला इथे का पाठवलं? उघड आहे. कारभार सुधारायला. दिवाळीपर्यंत परत मुंबईत. हर्षलाला फोनवर तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बायको धीराची आहे.

५ जून
दाखल्यांच्या खिडकीपुढे रांग नाही, नुसता घोळका. खिडकीवरची क्लार्क सुरभी प्रत्येकाला विचारत बसते, कुठून आलात, परतीची एसटी कितीची. वेळेचा अपव्यय. संकल्प: टोकन सिस्टीम.

१० जून
टोकन तयार. स्वतः लॅमिनेट केली. शिपाई भिवाजी म्हणाला, "सायेब, लोकं परत देतील ना?" निगेटिव्ह विचारसरणी.

११ जून, संध्याकाळ
निम्मी टोकनं गायब.

१२ जून
डोंगरातल्या वाडीवरून चंद्राबाई हजर. हातात कालचं एक नंबरचं टोकन. म्हणाल्या, "जपून ठेवलंय. आता कवा बी येऊ, पयला नंबर आमचाच हाय." मी नियम समजावला. "मंग दिलंत कशाला?" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अंगात थोडी कणकण होती.

२० जून
हरवलेल्या नंबरांची टोकनं आतापर्यंत दोनदा पुन्हा छापली. चूक म्हणता येणार नाही. पण आज एक नंबरवाले तिघे. शिवीगाळ, एकाची कॉलर फाटली. सुरभी बाहेर गेली, लांबच्यांना आधी घेतलं, जवळच्यांना चहा सांगितला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं शांत. सिस्टीमचा परिणाम दिसू लागला.

८ जुलै
मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले. माझ्या स्लाइड्स तयार. वीज गेली. तोंडी सुरुवात केली तर साहेब उठून खिडकीपाशी गेले, सुरभीचं काम बघत बराच वेळ उभे. जाताना मला म्हणाले, "तुम्ही इथे असता का?" लक्षात ठेवलं म्हणायचं.

१५ जुलै
भिवाजीने बातमी आणली. इथल्या एकाला मुंबईला घेणार! नाव विचारायची गरज नाही. बॅग भरली. ऑफिसात पेढे वाटले. सुरभीने दोन घेतले. हर्षलाला कळवलं. तिने लगेच फोन ठेवला. आनंद झाला की होतं असं.

१८ जुलै
ऑर्डर आली. सुरभी.
खिडकी माझ्याकडे. साहेबांचा काहीतरी गैरसमज झालाय. उद्या सविस्तर पत्र.

१९ जुलै
पत्र राहिलं. खिडकीवर गर्दी. चंद्राबाईंनी विचारलं, "ती पोर मुंबयला चालली म्हनं?" हो म्हणालो. "आन तुमी?" मी म्हणालो, नेक्स्ट.

२४ जुलै
सुरभीला मुंबईत राहायला जागा मिळेना. मोठ्या मनाने हर्षलाचा नंबर दिला. ओळखीत कुठे बघेल म्हणून. हर्षलाने आमच्याच घरी पेइंग गेस्ट ठेवून घेतलं. माझ्या खोलीत. म्हणाली, "तुम्ही येणार येणार म्हणता, खोली रिकामीच. मला सोबत होईल." मी म्हटलं, छान. तात्पुरतं आहे.

२८ जुलै
सुरभीला एसटीत बसवून दिलं. तिने विचारलं, खोलीतल्या पंख्याचं बटण कुठलं? सांगितलं, वरून दुसरं.
संध्याकाळी हर्षलाचा फोन. दुसरं नाही, चौथं. वायरिंग गेल्या महिन्यातच बदललं.