शूरवीराची चेष्टा

पोरी, सुखात राहा,

काल कापडाच्या दुकानात तू मला पाहिलंस आणि बाळाचं टोपडं सारखं करत पाठ फिरवलीस. शेजारी नवरा होता, म्हणून मीही ओळख दाखवली नाही. रागावले नाही गं. माझा लेक लढाईत गेला म्हणून तू काय जन्मभर तशीच बसणार होतीस? लग्न कर, असं मीच तर तुला सांगितलं होतं.

पण घरी आल्यावर करमेना. इथे सगळे त्याला शूरवीर म्हणतात. चौकातल्या पाटीवरही तेच लिहिलंय. एकदा मी शेजारणीला हसत सांगितलं, "पाल दिसली की खुर्चीवर चढायचा हो तो!" ती गंभीर होऊन म्हणाली, "असं बोलू नये त्याच्याबद्दल." तेव्हापासून मी गप्पच असते.

तुमचं दोघांचं लग्न ठरल्यावर तू घरी यायचीस, "मोठा आला सैनिक!" म्हणून त्याला चिडवायचीस, आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. ते पाहिलेल्या आता आपण दोघीच उरलोय.

हे पत्र काही तुझ्या सासरी पाठवणार नाही, तुला उगाच घोर नको. पण कधी एकटी भेटलीस, तर घटकाभर थांब. त्याच्यासाठी रडायला सगळेच येतात. मला त्याला हसायला कुणीतरी हवंय.

तुझी होता होता राहिलेली,
सासू