झाकण उघडायचं नाही

६ मार्च
काटा २३०. हे जाऊन तीन दिवस झाले.
माणसं येतात, बसतात, जातात. मी चहाला उठले की म्हणतात, तू बस. मग बसते. रडू येत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो ना, तशी सगळीच झालेय.

७ मार्च
काटा २१६.
ओट्याशेजारी ह्यांचं पत्र्याचं पिंप. आत वाळू, बारीक दगड, मधून तेलाची नळी. गच्चीवरचा आरसा दिवसभर ऊन धरतो, तेल तापतं, पिंप तापतं. आत किती अंश तापलंय ते बाहेरचा काटा सांगतो. अंधार पडल्यावर झाकण उघडा – खाली तापलेला तवा. ठेवा पातेलं! आरसा मात्र दर अर्ध्या तासाला हाताने फिरवावा लागतो. फिटरची नोकरी सुटली तेव्हापासून हे गच्चीवरच राहायला गेले म्हणा ना! सासूबाई म्हणायच्या, आज ऊन साठवतोय, उद्या वारा डब्यात भरेल. पिंपाला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांची शेगडी वेगळी.
त्या दिवशीही हे आरसा फिरवून खाली आले, पाणी मागितलं. मी पेला भरेपर्यंत सगळं संपलं होतं.
म्हणजे पिंपात आहे ते ह्यांनी धरलेलं शेवटचं ऊन. झाकण उघडायचं नाही. स्वयंपाक केला की ते खर्च होईल.

८ मार्च
२०१. घरातल्या सगळ्या रजया पिंपावर घातल्या. नणंद डबा घेऊन आली, रजयांकडे बघत राहिली. डब्यात काय होतं, आठवत नाही.

९ मार्च
१८८.

१० मार्च
१८७. एकच अंश!

१२ मार्च
१८८. थांबलाय काटा. नणंदेला सांगितलं, रजयांनी धरलंय. म्हणाली, अगं वेडे, तापलेली वस्तू निवतेच, असं काय करतेस? मी म्हटलं, फिटरची बायको आहे, काटा वाचता येतो मला. जरा जोरातच म्हटलं. सासूबाई कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत होत्या. "राहू दे गं तिला," एवढंच बोलल्या.

१३ मार्च
१८८. दिवसभर पडून. सासूबाई हल्ली दुपारच्या घरात नसतात. शेजारी जात असतील. जावोत.

१४ मार्च
१७४. का? रजया होत्या तशाच आहेत. बाहेर सकाळपासून ढग.

१५ मार्च
कडक ऊन. संध्याकाळी काटा १८१.
चढला! साठवलेलं ऊन उतरतं, आपोआप चढत नाही. एवढं मलाही कळतं. म्हणजे आत नवं ऊन येतंय, ह्यांचं केव्हाच संपलंय. रजया काढल्या, घडी घातली. काही वाटलं नाही.

१६ मार्च
दुपारी जिन्यात गेले. सासूबाई पायरीवर बसून, हात टेकून, एकेक पायरी वर सरकत होत्या. तोंडात पदराचं टोक. मी मागे उभी होते, त्यांना कळलं नाही. आरशापाशी पोचल्या, चाक फिरवलं, सावली बघून थोडं मागे घेतलं. अगदी ह्यांच्यासारखं. मग मी दिसले.
"दोनदाच जमतं गं मला," म्हणाल्या. "काटा उतरला की तुझं तोंड बघवत नाही."
त्यांचाही मुलगा गेलाय. तेरा दिवसांत हे एकदाही माझ्या मनात आलं नाही!
हात धरून खाली आणलं. नंतर सूर्य मावळेपर्यंत आरसा मी फिरवला. अंधार पडल्यावर झाकण उघडलं, दोघींपुरते बटाटे टाकले. मीठ कमी पडलंय, म्हणाल्या. मला रडू आलं.