रेकॉर्डिंग चालू आहे, बेल वाजवू नये

३ नोव्हेंबर, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. ही बहिणीकडे गेली त्याला आठ दिवस झाले. चार दिवसांत येईल. घराची किल्ली टेबलावरच विसरून गेली, विसराळूच आहे पहिल्यापासून.
जाताना म्हणाली, तुला माझं काही ऐकू येत नाही. कोणाला म्हणाली, तर ज्याच्या कानांवर अख्खी मालिका चालते त्याला.

५ नोव्हेंबर
अ‍ॅनिमेशनचे दहा भाग झाले, शेवटचा उरला. चित्रातला वाटसरू धुक्यातून, ओस गावांमधून चालत राहतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. म्हणजे सगळी मदार त्याच्या पावलांच्या आवाजावर, आणि पावलं माझी. पुढच्या खोलीत वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, एक फळी आणि माइक. मी बसलो तर मालिका बसली.
फोन करायचा नाही. तिने करावा.

९ नोव्हेंबर
फोन केला. इस्त्री कुठे आहे एवढंच विचारायला. म्हणाली, कपाटात. अजून काही विचारायचंय का, म्हणाली. म्हटलं, नाही, इस्त्रीच.
इस्त्री सकाळीच सापडली होती.

१४ नोव्हेंबर
दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली. आता काम झपाझप. ही आली तर मला जिन्यावरच कळेल. हिचं पाऊल हजारांत ओळखीन. हलकं, भरभर, लग्न झालं तेव्हापासून तस्संच.

१८ नोव्हेंबर
शेवटचा प्रसंग परत आला. वाटसरू कित्येक वर्षांनी स्वतःच्या घरी येतो, दारासमोर थांबतो आणि न ठोठावता माघारी फिरतो. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, पाय ऐकू येतात, माणूस नाही. बाईंना आवाजातलं काय कळतं. बावीस वेळा चाललो. गुडघा कामातून गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ४
कमाल झाली. माइक चालू असताना जिन्यावरून कोणीतरी आलं, दाराशी थांबलं, परत गेलं. जड, रेंगाळती चाल. कुरिअरवाला असणार. पार्सल मात्र ठेवलं नाही, हल्लीची माणसं. पण हवा होता तो प्रसंग आयता पदरात पडला. मध्ये काहीतरी खाली टेकवल्याचा आवाज होता, तो कापला, वाटसरूकडे सामान नसतं. थांबणंही फारच लांबलं होतं. नऊ सेकंदांवर आणलं.

२२ नोव्हेंबर
बाईंनी चक्क डोळे पुसले. हे कोण चाललंय, म्हणाल्या. म्हटलं, मी.
ही आली की पहिल्यांदा हेच ऐकवायचं.

२७ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, मागच्या गुरुवारी बायको आली होती ना तुमची, बॅग घेऊन? लगेच कशी निघाली? म्हटलं, तिला घाई होती.
वर येऊन फोन लावला. तिने उचलला. म्हणाली, पाटी वाचली, म्हटलं तुझं काम चालू आहे. इकडेच नोकरी बघितली आता, खोलीही घेतली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटतंय.

२८ नोव्हेंबर
पाटी काढली. प्रसंग बदलता येईल का, बाईंना विचारलं. म्हणाल्या, भाग काल दाखवलासुद्धा.
मूळ रेकॉर्डिंग लावून बसलो. जड पावलं. मग बॅग टेकवल्याचा आवाज. मग काहीच नाही. घड्याळ लावून मोजलं. चार मिनिटं थांबली होती.
त्यातले मी नऊ सेकंद ठेवले.