मंगळवारचं घर

आत्या, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की हाक मारताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात हात थरथरतो. अक्षर सांभाळून घे.

माझ्या भाचीची मुलगी माझ्यापाशी आहे. भाची गेली, नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि सात वर्षांची पोर सांगवीत माझ्या दारात आली. मला भाकरी थापता येत नाही, हे गल्लीला ठाऊक. बायकांनी आपसात वार वाटून घेतले. सोमवारी शेजारीण, मंगळवारी शिलाईवाल्या चाची, बुधवारी अंगणवाडीच्या बाई, असं. ज्या घरी जेवण तिथंच वेणी, तिथंच अभ्यास. माझ्याकडे ती फक्त झोपायला येते. सगळ्या मायेनं करतात, खोटं कशाला बोलू. पण परवा शाळेत बाईंनी तिला विचारलं, तुझं घर कुठलं? तर म्हणाली, "आज मंगळवार हाय न्हवं? मग चाचीचं." बाईंनी मला हसत सांगितलं. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मी तिचं अंथरूण दिवसाउजेडीच घालून ठेवलं.

आई गेली तेव्हा मी एवढाच होतो. शेजारणीनं आणलेलं ताट तू माघारी पाठवलंस, मला चुलीपाशी बसवलंस. "हितंच बस. उपाशी ऱ्हायलो तर दोघं ऱ्हाऊ." आणि आपण खरंच उपाशी राहिलो. मला तुझा फार राग आला होता. तुझं बरोबर होतं की नुसता हट्ट, ते मला आजही ठरवता येत नाही.

काल चाची ओट्यावर येऊन बसल्या. इंदापूरला पोरीची चुलत मावशी आहे, तिला मूल नाही, ती न्यायला तयार आहे म्हणाल्या. "तात्या, आमी हाय तवर पोर उपाशी न्हाय ऱ्हायची. पन तुमी किती दिस पुरणार?" मी अजून मेलो नाही, असं मी त्यांच्यावर खेकसलो. त्या उठल्या. पोरीचा उसवलेला फ्रॉक तेवढा शिवायला घेऊन गेल्या.

रविवारी मावशी येणार आहे. हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला सांगतो. पोरीला मी अजून विचारलेलं नाही. ती रडेल अशी भीती नाही, आत्या. तिथं रोज एकच घर असतं का, एवढंच ती विचारेल आणि पिशवी भरायला घेईल, त्याची भीती वाटते.