अठरा हजार पावलांचा खुलासा

ती. दादास नमस्कार.

तुझा रक्तदाब, तुझी झोप आणि वहिनी कशी आहे? इकडे आई ठणठणीत आहे, हे तुला माझ्याआधी कळतं, कारण तू पाठवलेला मनगटावरचा पट्टा रोज तुझ्या मोबाइलकडे चुगल्या करतो. परवा अठरा हजार पावलं आणि पाठोपाठ नाडी एकशे चाळीस दिसली, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "बास झालं, महिनाअखेर तिला माझ्याकडे आणतो." त्याचा हा खुलासा. (डायरीत तीनदा लिहून खोडला. यात माझा दोष किती, ते अजून ठरत नाही.)

पट्टा आई एकटी घालत नाही. शिंप्याच्या दुकानासमोरच्या बाकावर आई धरून चौघी मैत्रिणी रोज बसतात. आपल्या एकटीलाच पट्टा हा तिला पंक्तिप्रपंच वाटला, म्हणून पाळ्या लावल्या. पावलं दूधवालीची. (मंगळवारची नऊशे माझी. त्यावर बोलायचं नाही.) नाडी इस्त्रीवालीची, तीही फक्त स्वतःचा जिना चढताना. ती आईहून अकरा वर्षांनी लहान, पण दिसते थोरली. आईने जन्मभर शाळेत खुर्चीत बसून पोरांना बाकावर उभं केलं. हिने जन्मभर उभ्याने इस्त्री केली आणि प्रत्येक दुखणं अंगावर काढलं. दोघींचं म्हातारपण एकाच मापाने कसं मोजायचं? मात्र ती दोन दिवस बाकावर दिसली नाही, तर आई काठी टेकत तिच्या दारात हजर होते. तुझा पट्टा एवढं करत नाही.

तर आई येणार नाही. तुझ्या नवव्या मजल्यावर हवा चांगली, दवाखाना खालीच, सगळं कबूल. पण "काय गं, आज तोंड का उतरलंय?" हे तिथे तिला विचारणार कोण? तुम्ही दोघं सकाळी आठला जाता, रात्री आठला येता. मागच्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात ती लिफ्टमधल्या आरशाशी बोलायला लागली होती. मीठ मी कमी केलंय, फिरणं चालू आहे. हवं तर रागाव. हे पत्र मी खोडणार नाही.

तुझी धाकटी

ता.क. आईसाठी केलेल्या खोलीतले आधाराचे दांडे आणि उंच पलंग अजून आहेत ना? इस्त्रीवालीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तुझ्या खालच्या दवाखान्यात होईल का, विचार. नंतर सहा आठवडे तिला जिना चालणार नाही, आणि तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे.

आणखी एक ता.क. तिच्या सोबतीला आई येईल. उरलेल्या दोघी विचारतायत, बाक तुमच्याकडे आहे की इथून आणायचा?